अंगणात थेट ऊन जेमतेम दीड तास: अशा सावलीत बाग कशी आखावी?

अंगणवेडा:

घराच्या मागे आमचे अंगण आहे, नऊ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. दक्षिणेला आमचे सात मीटर उंचीचे दुमजली घर, पूर्वेला शेजारची उंच भिंत आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात एक जुना, दाट पानांचा आंबा, अशा तिघांच्या मध्ये ते सापडलेले आहे. थेट ऊन येते ते फक्त भर दुपारी, फार तर दीड तास, आणि तेही बाराही महिने येत नाही.

आतापर्यंत केलेल्या चुका आधीच सांगून टाकतो, म्हणजे तेच सल्ले पुन्हा द्यावे लागणार नाहीत. हिरवळीचे तयार गालिचे दोनदा आणून अंथरले. पहिला महिनाभर ते छान दिसले, मग पाती लांबट आणि फिकट झाली, मध्ये मध्ये टक्कल पडले आणि शेवटी भिंतीच्या बाजूला शेवाळ तेवढे उरले. मोगरा लावला, त्याला चार वर्षांत मोजून सात-आठ फुले आली. जास्वंद दोन पुरुष उंच वाढली, पण तिला खाली पाने नाहीत आणि वर कळ्या नाहीत. आंब्याखाली कुदळ मारली तर मुळांवर आपटून ती उसळते, आणि भिंतीलगतची माती मात्र पावसाळ्यानंतरही दोन महिने ओलसर राहते. म्हणजे एकाच अंगणात एका टोकाला कोरडी सावली आहे आणि दुसऱ्या टोकाला ओली.

घरातल्यांचे मत आंबा तोडावा असे आहे. माझे तसे नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहताना डोळ्याला बरे वाटेल, दोन खुर्च्या टाकून बसता येईल आणि दर रविवार त्यातच जाणार नाही, एवढीच अपेक्षा आहे. सुरुवात कुठून करावी?

कवडसा:

सुरुवात रोपवाटिकेतून करू नका, कागदावर करा. अंगणाचा आराखडा प्रमाणात काढा, त्यावर पातळ कागद ठेवा आणि सकाळी आठ, साडेदहा, दुपारी एक आणि चार वाजता सावलीची कड कुठे येते ते पेन्सिलीने आखा. एका दिवसाचा नकाशा पुरेसा नसतो. डिसेंबर, मार्च आणि जून असे निदान तीन नकाशे हवेत, कारण तुमच्या बाबतीत सगळी मेख ऋतूंमध्ये आहे.

तुम्ही मापे दिली आहेत म्हणून हिशेबच करून दाखवतो. समजा आपण २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत. डिसेंबरच्या अखेरीस तिथे दुपारचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून साधारण ४६ ते ४७ अंश उंच असतो, तेव्हा सात मीटर उंच घराची सावली सहा मीटरांहून थोडी अधिक लांब पडते. तुमच्या अंगणाची रुंदी सहा मीटर, म्हणजे हिवाळ्यात भर दुपारीही सगळे अंगण घराच्या सावलीत जाते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य ७० अंशांवर येतो आणि तीच सावली अडीच मीटरांवर आखडते. जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणून घराची सावली अंगणात पडतच नाही. ‘घराच्या उत्तरेला कायम सावली’ हे वाक्य थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांतून आपल्याकडे जसेच्या तसे आले आहे. कर्कवृत्ताच्या आत राहणाऱ्यांनी ते तपासूनच घ्यावे.

याचा परिणाम मोठा आहे. कित्येक महिने गडद सावलीत वाढलेल्या कोवळ्या, पातळ पानांवर एप्रिल-मेमध्ये अचानक डोक्यावरचे ऊन येते आणि पाने चार दिवसांत भाजून निघतात. तुमच्या अंगणात सावलीपेक्षा हे दीड तासाचे ऊनच जास्त धोक्याचे आहे, असे मला वाटते. नेचे लावून पाहिले होते का?

आणखी एक गोष्ट, जी सहसा लक्षात घेतली जात नाही. भिंतीची सावली आणि झाडाची सावली यांत फरक असतो. भिंतीच्या सावलीत वरून मोकळ्या आभाळाचा उजेड येतो आणि त्यात सगळे रंग शिल्लक असतात. झाडाखाली येणारा उजेड पानांतून गाळून आलेला असतो. पानांनी तांबडा आणि निळा प्रकाश आधीच शोषलेला असतो आणि डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अतितांबडा प्रकाश तेवढा खाली सोडलेला असतो. वनस्पतींना तांबडा आणि अतितांबडा या दोहोंचे प्रमाण ओळखता येते आणि अतितांबडा प्रकाश जास्त झाला की, आपल्यावर कुणीतरी आहे असे समजून बऱ्याच वनस्पती खोड लांबवू लागतात. तुमची जास्वंद आंब्याच्या बाजूला असेल, तर तिच्या उंचीचे हे एक कारण असणार.

अंगणवेडा:

जास्वंद आंब्याच्याच बाजूला आहे. नेच्यांचेही तुम्ही म्हणता तसेच झाले. अंगणाच्या मधोमध सहा रोपे लावली होती, फेब्रुवारीपर्यंत ती दृष्ट लागण्यासारखी होती आणि एप्रिलच्या अखेरीस कुरकुरीत तपकिरी झाली. मी पाणी कमी पडले असे समजून पाणी वाढवत गेलो, त्यामुळे उरलेली मुळेही कुजली.

मातीखाली:

उजेडाचे वर आले आहे, म्हणून मी खालचे बोलतो. झाडाखाली लावलेली दहा रोपे मेली तर माझ्या अंदाजाने त्यांतली दोन उजेडावाचून मरतात आणि आठ तहानेने. दोष मात्र प्रत्येक वेळी सावलीला दिला जातो.

मोठ्या झाडाची मुळे खोल पाताळात गेलेली असतात ही समजूत चुकीची आहे. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या ३० ते ४५ सेंटीमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरही दूरवर पसरतात. तुम्ही खड्डा खणून त्यात चांगली माती आणि शेणखत घालून रोप लावता, तेव्हा प्रत्यक्षात आंब्यालाच पान वाढून ठेवता. दोन महिन्यांनी तो खड्डा उकरून पाहा, रोपाच्या मुळांपेक्षा आंब्याचीच मुळे त्यात जास्त सापडतील. शिवाय हलक्या सरींचे बरेचसे पाणी पानांवरच अडते आणि तिथूनच वाळून जाते, खालच्या मातीपर्यंत पोचत नाही. बाहेर रस्ता ओला असतो, तेव्हा आंब्याखाली पाऊल टाकले तर धूळ उडते.

यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे वर मातीची भर घालून उंच वाफा करणे. तो मी केला होता. एका मोठ्या झाडाभोवती विटांचे कडे बांधून फूटभर लाल माती भरली, त्यात रोपे लावली आणि सगळे पाहायला येत म्हणून खूशही झालो. दुसऱ्या वर्षी शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागल्या, तिसऱ्या वर्षी बुंध्याची साल मातीखाली कुजलेली निघाली. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो आणि फूटभर मातीखाली त्यांना हवा मिळत नाही, हे मला कुणी आधी सांगितले असते तर ते झाड वाचले असते. तेव्हा झाडाखाली एका वेळी पाच सेंटीमीटरहून अधिक भर घालू नये, तीही भुसभुशीत कुजलेल्या पाल्याची असावी आणि बुंधा जमिनीशी जिथे रुंदावतो तो भाग कायम उघडा दिसला पाहिजे.

मग लावायचे कसे? मोठी रोपे आणूच नका. सात ते दहा सेंटीमीटरच्या छोट्या पिशवीतले रोप घ्या, कुदळ बाजूला ठेवून खुरप्याने मुळांच्या मधली पोकळ जागा चाचपून शोधा आणि रोपाच्या मातीच्या गोळ्याएवढाच खड्डा करा. जाड मूळ लागले तर रोपाने जागा बदलायची, मुळाने नव्हे. मनगटाएवढे मूळ तर कधीच तोडू नये. लागवड पावसाळ्याच्या तोंडाशी करा आणि पहिले पूर्ण वर्ष आठवड्यातून दोनदा, पण मुरेल असे पाणी द्या. रोज शिंपडलेले पाणी वरच्या दोन बोटे मातीतच राहते आणि रोपाची मुळेही तिथेच घुटमळतात.

कवडसा:

मुळांबद्दल शंभर टक्के सहमत. पण उजेड वाढवण्याची सोय आंब्यापाशीच आहे, ती सोडू नये. खालच्या फांद्या काढून छत्र उंच केले आणि आतल्या गर्दीच्या फांद्या विरळ केल्या, तर गडद सावलीची कवडशांची सावली होते, आणि या दोन्हींत लावता येणाऱ्या वनस्पतींची यादी दुपटीने वेगळी असते. मोबाइलमधले उजेडमापक वापरून पाहा. भर उन्हात आकडा एक लाख लक्सच्या आसपास जातो, उघड्या आभाळाखालच्या सावलीत तो दहा-वीस हजार असतो आणि दाट झाडाखाली हजार-दोन हजारांवर येतो. मोबाइलचा आकडा नेमका नसतो, पण अंगणातल्या दोन जागांची तुलना करायला तेवढा पुरतो.

मातीखाली:

विरळणी जरूर करावी, मात्र एका वर्षात एकूण पानोऱ्याच्या चौथाईहून अधिक काढू नये, आणि ज्याला फांदी खोडाशी कुठे कापायची ते कळते अशा माणसाकडूनच करून घ्यावी. खोडाला लागून फांदीचा जो फुगीर कंगोरा असतो तो राखून काप घेतला तर जखम भरून येते. कंगोऱ्यासकट सपाट कापले किंवा हातभर खुंट ठेवला तर ती जागा कुजत जाते. अर्धे झाड एकदम उतरवणारे लोक स्वस्तात काम करून देतात आणि पुढच्या वर्षी त्याच जागी फुटव्यांची पहिल्याहून दाट झुडपे उगवतात.

पानोपानी:

मी आखणीबद्दल लिहिते. सावलीच्या बागेत फुलांचा हट्ट सोडला की निम्मे काम सोपे होते. उन्हातल्या बागेत रंग बोलतात. सावलीत पानांचे आकार, पोत आणि चकाकी बोलते. त्यामुळे रोप निवडताना ‘याला फूल कोणते येते’ असे विचारण्याऐवजी ‘याचे पान शेजारच्या पानाहून किती वेगळे आहे’ असे विचारावे. मॉन्स्टेराच्या सुपाएवढ्या, भोके पडलेल्या पानाशेजारी नेच्याची बारीक कातरलेली झालर आणि त्यांच्या पायाशी ओफिओपोगॉनचे गवतासारखे गडद पाते, एवढ्या तीनच गोष्टी असल्या तरी कोपरा भरलेला वाटतो. याउलट तिन्ही मध्यम आकाराची अंडाकृती पाने एकत्र आली की दहा हात दूरून तो एक हिरवा गोळा दिसतो, मग ती रोपे कितीही दुर्मिळ असोत.

दुसरे म्हणजे प्रकार कमी आणि संख्या जास्त ठेवा. रोपवाटिकेतून प्रत्येकी एक अशी वीस निरनिराळी रोपे आणणे हा आपल्या सगळ्यांचा आजार आहे (मलाही तो आहे, म्हणून अधिकाराने लिहिते). ब्राझीलचे उद्यानरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स, १९०९ ते १९९४, यांच्या बागांची छायाचित्रे पाहिलीत तर हे लगेच कळते. त्यांनी उष्ण कटिबंधातल्या वनस्पतींचे, त्यांत अळूच्या कुळातल्या पुष्कळ, एकेका जातीचे मोठे सलग पट्टे रंगवल्यासारखे लावले. आपले अंगण लहान आहे, तरी एकाच जातीची सात रोपे एका लाटेत लावणे आपल्यालाही जमते.

तिसरे उजेडाबद्दल. पांढरट किंवा पिवळसर कडा असलेली पाने अंधाऱ्या कोपऱ्यात दिवा लावल्यासारखी दिसतात. पूर्वेच्या भिंतीपुढे पांढऱ्या पानांचे कॅलेडियम, मध्ये चंदेरी अ‍ॅग्लोनिमा आणि आंब्याखाली पिवळ्या कडांचे स्नेक प्लांट असे केले, तर खिडकीतून पाहणाऱ्याची नजर एका फिकट ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाते आणि अंगण आहे त्याहून खोल वाटते. भिंतीला पांढरा रंग दिला तर परावर्तित उजेडही वाढतो.

निवांत_माळी:

दोन मुद्द्यांवर वेगळे मत नोंदवतो. चट्ट्यापट्ट्यांच्या पानांत जिथे पांढरा भाग असतो तिथे हरितद्रव्य नसते, म्हणून त्याच जातीच्या पूर्ण हिरव्या रोपापेक्षा त्यांना अधिक उजेड लागतो. अगदी गडद कोपऱ्यात ती एकतर खुरटतात किंवा नवे फुटवे साधे हिरवे काढू लागतात. हिरवा फुटवा दिसताच तो मुळापासून काढावा लागतो, नाहीतर जोमदार असल्याने तोच सगळे रोप व्यापतो. त्यामुळे फिकट पाने कवडशांच्या सावलीत ठेवा आणि सर्वांत अंधाऱ्या जागी गडद पण चकचकीत पानांची रोपे लावा. ती आहे तो उजेड परत फेकतात. क्रोटनच्या मोहात मात्र पडू नका, त्याचे रंग उन्हावरच उमटतात आणि सावलीत तो मळकट हिरवा होतो.

पांढऱ्या भिंतीचेही तसेच. ओलसर सावलीत दुसऱ्या पावसाळ्यात तिच्यावर हिरवे-काळे ओघळ येतात. फिकट मातकट किंवा राखाडी रंग द्यावा, त्यावर डाग खपून जातात.

आता हिरवळ. रोज चार तासांहून कमी ऊन असलेल्या जागी हरळीच्या कुळातले गवत टिकत नाही, हे एकदा मान्य करून टाकावे. तिसरा गालिचा आणू नका. हिरवे सलग अंथरूणच हवे असेल तर ओफिओपोगॉनची बुटकी जात वीतभर अंतरावर लावा. ती भरायला दीड-दोन वर्षे घेते, तुडवलेली फारशी सहन करत नाही, पण कापावी लागत नाही. ‘लवकर पसरते’ म्हणून वेडेलिया देऊ करतात, ती घेऊ नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे आणि कुंपणाबाहेर गेल्यावर तिला परत आणता येत नाही.

आणि शेवाळ. तुम्ही त्याला अपयश म्हणून लिहिले आहे. जपानमध्ये क्योतो येथील साइहो-जी या मंदिराची बाग केवळ शेवाळासाठी जगप्रसिद्ध आहे, तिथे शंभराहून अधिक प्रकारचे शेवाळ आहे आणि १९९४ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. ते शेवाळ कुणी मुद्दाम लावलेले नाही, देखभाल थांबल्यानंतर ते आपोआप पसरले असे सांगतात. भिंतीलगतची जिथे कुणी चालत नाही अशी दीड हात पट्टी शेवाळालाच देऊन टाका, फक्त त्यावर पडलेली पाने हलक्या हाताने झाडत राहा. वाटेवरचे शेवाळ मात्र घासून काढायलाच हवे, त्यावरून पडून हात मोडतो.

अंगणवेडा:

तीन नकाशांपैकी दोन झाले. निरीक्षण असे की घरालगतचा दोन मीटरांचा पट्टा आणि भिंतीलगतचा दीड मीटरांचा पट्टा मार्चमध्येही भाजण्याइतका तापत नाही. आंब्याखाली मोबाइल १,४०० दाखवतो. मधला साधारण दोन मीटर रुंदीचा पट्टा हा खरा घातवार आहे. तिथे आज ऊन होते आणि डिसेंबरात नव्हते. या पट्ट्यात दोन्ही सहन करणारे काय लावावे?

भिंतीलगतच्या ओलीबद्दलही विचारायचे आहे. तिथे निचरा आहे की नाही, हे कसे ठरवावे?

कवडसा:

त्या पट्ट्यात काहीच लावू नका. वाट आणि बसायची जागा तिथेच करा! हिवाळ्यात ती सावलीत असेल, पण तेव्हा आभाळ मोकळे आहे. उन्हाळ्यात दुपारी एक वाजता तिथे कुणी बसत नाही आणि सकाळ-संध्याकाळी भिंत आणि आंबा तुमच्यासाठी सावली धरतात. रोपे दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत ठेवली म्हणजे ती भाजण्याचा प्रश्नच मिटतो. शोभेला चार-पाच कुंड्या त्या पट्ट्याच्या कडेला ठेवा आणि मार्चच्या मध्यावर उचलून घराच्या बाजूला सरकवा. वाट सरळ न नेता किंचित वळवा, म्हणजे खिडकीतून तिचे टोक दिसणार नाही. फरशी पांढरी घेऊ नका, दुपारी डोळे दिपतात. खडबडीत राखाडी दगड सावलीत घसरतही नाही.

निवांत_माळी:

निचरा पाहायला ३० सेंटीमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा करा, पाण्याने भरा आणि पूर्ण मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, काठावर आडवी काठी ठेवून पाण्याची पातळी तासातासाने मोजा. तासाला दोन ते पाच सेंटीमीटर उतरले तर निचरा ठीक आहे. एक सेंटीमीटरही उतरत नसेल तर तिथे नेचेसुद्धा तग धरणार नाहीत, कारण त्यांना ओलावा हवा असतो, चिखल नको असतो. चिकण मातीत थोडीशी वाळू मिसळून प्रश्न सुटत नाही, उलट ती विटेसारखी घट्ट बसू शकते. कुजलेला पाला आणि शेणखत भरपूर मिसळावे आणि वाफा जमिनीपासून १५ सेंटीमीटर उचलून घ्यावा. आंब्यापासून तो भाग दूर आहे, म्हणून तिथे भर घालायला हरकत नाही, फक्त भर भिंतीला टेकवू नका, ओल झिरपते. एक हात मोकळा ठेवा.

पानोपानी:

मग रोपांची वाटणी मी अशी करेन. आंब्याखाली मांसल मुळे किंवा गड्डे असलेली, पाणी साठवून ठेवणारी रोपे हवीत. स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, स्पायडर प्लांट आणि अ‍ॅस्पिडिस्ट्रा. अ‍ॅस्पिडिस्ट्रा वर्षाला जेमतेम चार-पाच पाने काढते, पण दुर्लक्ष, अंधार आणि कोरडेपणा हे तिन्ही सोसणारे त्याच्याइतके दुसरे रोप माझ्या पाहण्यात नाही. भिंतीलगतच्या उचललेल्या वाफ्यात मागे सोनटक्का, मध्ये पीस लिली आणि कॅलेडियम, पुढे नेचे आणि दगडांच्या फटींत हंसराज. सोनटक्क्याला ओल आवडते आणि मोकळ्या आभाळाचा उजेड त्याला पुरतो. फुले कमी येतील, पण आली तर संध्याकाळच्या अंधारात पांढरीच तेवढी दिसतात. घरालगत अ‍ॅग्लोनिमा, ड्रॅसिना आणि कोलियस.

डिफेनबाखिया मी मुद्दाम घेतलेला नाही. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, पान चावले तर तोंड आणि जीभ सुजते. कॅलेडियम, पीस लिली, मॉन्स्टेरा ही मंडळीही त्याच कुळातली आहेत, तेव्हा घरात रांगते मूल किंवा पाने कुरतडणारे मांजर असेल तर ती मागच्या रांगेत, हाताबाहेर लावा.

निवांत_माळी:

वाटणी चांगली आहे. देखभालीचे तेवढे लिहितो. सावलीत वाढ संथ असते, म्हणून खत निम्मेच लागते. नत्र जास्त झाले की पाने लुसलुशीत होतात आणि किडींचे फावते. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे, कारण सावलीत रात्रभर ओली राहिलेली पाने बुरशीला आमंत्रण देतात. आंब्याचा पालापाचोळा जाळू नका आणि टाकूही नका. तो कोपऱ्यात जाळीच्या कड्यात रचून ओला ठेवा. आंब्याचे पान चिवट असते, वर्ष-दीड वर्ष घेते, पण त्यानंतर हाताला जंगलातल्या मातीसारखे लागते. तेच पाच सेंटीमीटर जाडीचे आच्छादन म्हणून पसरावे.

गोगलगाई येणारच. रात्री नवाच्या पुढे बॅटरी घेऊन फिरा आणि हाताने वेचा, आठ दिवस सलग केले की फरक दिसतो. मीठ टाकू नका, गोगलगाय मरते आणि वाफ्याची मातीही नासते. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी उपड्या करा. उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि सावलीत ताटलीतले पाणी वाळतच नाही.

अंगणवेडा:

धागा वर आणतो आहे, कारण पहिला पाऊस आणि त्यानंतरचा हिवाळा असे दोन्ही उलटून गेले आहेत.

आंब्याच्या खालच्या तीन फांद्या काढल्या आणि आतल्या थोड्या विरळ केल्या. मोबाइल आता तिथे २,६०० ते ३,००० दाखवतो आणि संध्याकाळी भिंतीवर आंब्याचे कवडसे हलताना दिसतात, जे मी या घरात आधी कधी पाहिले नव्हते. आंबा तोडण्याचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. मधल्या पट्ट्यात दगडी वाट झाली, दोन खुर्च्याही आल्या. निचऱ्याच्या चाचणीत भिंतीलगत तासाला अर्धा सेंटीमीटर उतरले, म्हणून वाफा उचलून घेतला.

आंब्याखाली लावलेल्या ३४ रोपांपैकी २७ जगली. मेलेल्या सातांपैकी पाच मी न ऐकता मोठ्या पिशवीतली आणली होती, त्यांना जागा करताना मुळेही तोडावी लागली आणि तरी ती बसली नाहीत. स्पायडर प्लांट सर्वांत पुढे आहे, अ‍ॅस्पिडिस्ट्राने दोन पाने काढली आहेत. नेचे भिंतीलगत गेल्यापासून ओळखू येत नाहीत. ओफिओपोगॉनचे अंथरूण अजून ठिगळांसारखेच दिसते.

एकच काळजी आहे. कॅलेडियम ऑक्टोबरपर्यंत उत्तम होते, मग एकेक पान पिवळे पडून लोळू लागले आणि डिसेंबरात वाफ्यात काहीच उरले नाही. खत चुकले, की मुळे कुजली?

पानोपानी:

काहीच चुकलेले नाही. कॅलेडियम कंदातून येते आणि थंडी व कोरडेपणा सुरू झाला की पाने टाकून कंद झोपी जातो. त्या जागी आता पाणी देऊ नका, नाहीतर झोपलेला कंद खरोखरच कुजेल. जमीन तापू लागली की कोंब वर येतील, तेव्हा पाणी सुरू करा. जिथे जिथे ते होते तिथे एकेक काठी रोवून ठेवा, म्हणजे रिकामी जागा समजून तुम्ही दुसरे काही लावणार नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या मधोमध पीस लिली आणखी घातली तर हिवाळ्यात वाफा ओका दिसणार नाही.

अंगणवेडा:

काठ्या रोवल्या, अकरा. खरे सांगायचे तर दोन कंद मी विचारण्याआधीच उकरून पाहिले होते. बोटांनी दाबल्यावर टणक लागले, म्हणून तसेच परत पुरले आहेत.